संगणकावरची सीईटी आणि आपली मुले

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात होणारी सीईटी २०१८ सालापर्यंत कागदावर होत असे. २०१९ पासून ती संगणकावर होते. हा बदल वाईटच आहे असे सांगायला मी उभा राहिलेलो नाही. कागदावर एकदा काळा केलेला गोल पुसता येत नसे. संगणकावर उत्तर बदलता येते. प्रश्नपत्रिकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या की काय होऊ शकते तेही २०२४ च्या नीट परीक्षेत दिसले. हजारीबाग आणि पाटणा येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केले.

माझी काळजी निराळी आहे. आपल्या वस्तीतली मुले मोबाईल झरझर चालवतात, म्हणून पालक म्हणतात, "त्याला कॉम्प्युटर येतोच की!" पण मोबाईल अंगठ्याने चालतो. परीक्षा द्यायची ती माऊस हातात धरून, सलग तीन तास. प्रश्न पडद्यावर, आकडेमोड कच्च्या कागदावर. नजर सारखी वर-खाली. छापील पेपरात मूल महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारते, आकृतीतच कोन लिहिते. इथे आकृती आधी कागदावर उतरवून घ्यावी लागते. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला पुरती दोन मिनिटेही नाहीत, आणि प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. शिवाय भौतिक आणि रसायनशास्त्राचा दीड तास संपल्याशिवाय गणित उघडत नाही. 'आधी सोपे ते सोडव' हा गुरुजींचा सल्ला तिथे अर्धाच चालतो. गणिताचे प्रश्न इंग्रजीतच असतात, हे मराठी माध्यमातल्या मुलांनी आधीच ध्यानात ठेवावे.

ज्याच्या घरी टेबलावर संगणक आहे त्याला यातले काहीच जड जात नाही. ज्याच्या घरी नाही तो रसायनशास्त्र येत असूनही मागे पडतो, आणि निकालात त्याचे कारण कुठेच लिहिलेले नसते.

निकालाचेही तसेच. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते; प्रत्येक सत्राचे प्रश्न वेगळे. म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाईल देतात. नव्वद पर्सेंटाईल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातल्या शंभरांपैकी नव्वद जणांचे गुण आपल्याइतके किंवा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे न कळल्याने घरोघरी उगाच पेढे वाटले जातात किंवा उगाच रडारड होते. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताचे २१ प्रश्न सदोष निघाले. सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांसाठी ५ मे रोजी फेरपरीक्षा ठेवावी लागली. चूक यंत्रणेची, पण बसभाडे पुन्हा, मजुरी करणाऱ्या बापाचा खाडा पुन्हा! याचा हिशेब कोण देणार?

डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरवले. विद्यार्थ्याची अडचण नेमकी कुठे आहे ते आधी पाहिले, मग घड्याळ बदलले. आज अडचण माऊसपाशी आहे. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे जाणतो, की-बोर्डवर हात बसायला महिना-दोन महिने लागतात. एकदा बसला की त्याचा विचारही मनात येत नाही. मुलांचा तो महिना परीक्षेच्या आधी जायला हवा, परीक्षेच्या दालनात नव्हे.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी विनंती आहे. विहाराच्या वाचनालयात चार-पाच संगणक ठेवावेत. कार्यालये जुने संगणक काढून टाकतात. सराव चाचणीला ते पुरतात. दर रविवारी पूर्ण तीन तासांची चाचणी घ्यावी, घड्याळ लावून, मध्ये चहा नाही. अकरावीच्या मुलामुलींनाही बसवावे, कारण अकरावीचा भागही परीक्षेत असतो. मुलींच्या पालकांनी रविवारची घरकामे जरा पुढे ढकलावीत. देखरेखीसाठी पहिले दोन रविवार मी येईन. बाकीच्यांनी आपली नावे आज जाण्यापूर्वी सचिवांकडे द्यावीत.

जय भीम.