गृहोद्योगाला वाटाड्या हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज गृहोद्योगावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. पापड कसे लाटावेत हे मी तुम्हांला सांगायला नको. माझ्याहून पातळ लाटणाऱ्या कितीतरी जणी इथे बसल्या आहेत. मी बोलणार आहे ते निराळ्या गोष्टीविषयी. आपल्या बारामती-इंदापूरकडे बायका धंदे काढतात पुष्कळ. मग ते टिकत का नाहीत?

जिनसांची इकडे वाण नाही. निमगाव केतकीची पाने, इंदापूरची डाळिंबे, उजनीच्या पाण्यावर उभा राहिलेला भिगवणचा मासळीबाजार, सारे हाताशी आहे. बचत गटातून कर्जही मिळते. तरीही उन्हाळ्यात जोरात निघालेला शेवया-कुरडयांचा उद्योग दिवाळीपर्यंत गप्प होतो. हप्ते मात्र गप्प होत नाहीत. आणि घरात ऐकावे लागते ते वेगळेच, की हे बायकांचे काम नव्हे म्हणून आधीच सांगितले होते! पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात; पण एकदा खचलेली बाई पुन्हा धंद्याचे नाव काढीत नाही.

माझ्या समजुतीने अशा वेळी उणीव असते ती वाटाड्याची. धंद्यात मुरलेले एक माणूस हवे. त्याने महिन्यातून एकदा शेजारी बसावे, वही उघडायला लावावी, अवघड प्रश्न विचारावेत, आणि निर्णय मात्र आपला आपल्याला घेऊ द्यावा.

लिज्जत पापडाचे नाव तुम्ही सर्वजणी जाणता. १९५९ च्या मार्च महिन्यात मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. ते पैसे दिले छगनलाल करमशी पारेख यांनी. लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. परंतु पैशांपेक्षा मोलाची होती ती त्यांची शिकवण. बायका आरंभी दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. छगनबाप्पांनी सांगितले की एकच उत्तम प्रत ठेवा आणि तीत कधी उणे येऊ देऊ नका. हिशेब चोख ठेवा, हे धर्मादाय काम नसून धंदा आहे, हेही त्यांनी मनावर बिंबवले. तोटा आला तरी देणगी मागायची नाही, असा बायकांचाही निश्चय होता. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद पडले, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि भर पावसात काम चालू! वाटाड्याने शिस्त लावून दिली, पण पाऊल बायकांनीच उचलले.

कुणी म्हणेल, हिशेब ठेवायला शिक्षण लागते. तर आपल्या नीरेपलीकडे, साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड आहे. तिथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा अंगठे उठवणाऱ्या सभासद फार म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची त्यांनी तयारी दाखवली. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २००६ साली तिथे बायकांसाठी उद्योगाची शाळाही निघाली. तेव्हा गणित आपल्याला येते. त्याला बसवणारे कुणीतरी लागते. मी सातवी शिकलेली आहे, आणि आता मांडते तो हिशेब तेवढ्या शिक्षणात बसतो.

समजा, शेंगदाण्याची चटणी किलोला ३२० रुपयांनी विकली. दाणे १६०, तिखट-लसूण-जिरे-मीठ ४०, गॅस व कांडप २०, पिशव्या १५, एकूण २३५. उरले ८५. बाई खूश! आता वाटाड्या विचारील, बाजाराला जायचे भाडे किलोमागे किती? १५ रुपये. चवीला किती वाटली? २० रुपयांची. मग राहिले ५०. भाजणे, सोलणे, कांडणे, भरणे यांत दोन तास गेले, म्हणजे तासाला २५ रुपये. खुरपणीला गेलेली बाई याहून अधिक मिळवते! आणि माल उधारीवर गेला असेल, तर हे ५० सुद्धा वहीतच राहिले. हे समजल्यावर मार्ग सुचतात. एका वेळी पाच किलो केली तर वेळ पाचपट लागत नाही आणि भाडेही वाटले जाते. नाहीतर भाव तरी वाढवावा.

आपल्याकडे प्रशिक्षणे होतात. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र शिकवते. तिथल्याच अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या भीमथडी जत्रेमुळे गटांच्या मालाला पुण्याचे गिऱ्हाईक मिळाले. ही मोठीच सोय होय. परंतु वर्गात सर्वांना एकच धडा मिळतो. वाटाड्या तुमची वही पाहतो. दोन्ही हवीत.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना आहे. महिन्यातील एक संध्याकाळ वहीसाठी राखावी. खानावळ, दूध, किराणा, शिवण यांत दहा-पंधरा वर्षे काढलेल्या भगिनी आपल्यातच आहेत. त्यांनी प्रत्येकी दोन नवख्या जणींना वर्षभर सांभाळावे. तीन नियम मात्र पाळावेत. वाटाड्याने कर्ज देऊ नये, म्हणजे सल्ल्याला सावकारी चिकटणार नाही. एकीचा आकडा दुसरीच्या ओसरीवर जाऊ नये. आणि वर्ष संपले की हात सोडावा. सून सासूच्या पुढे गेली तर त्यात सासूचाच मान आहे.

पहिल्या संध्याकाळी येताना प्रत्येकीने दोन बटवे आणावेत, एक घरखर्चाचा व एक धंद्याचा. तेवढे वेगळे झाले तरी निम्मे काम झाले असे मी समजेन.