दुःख ऐकून घेणारा माणूस
(शिक्षक-पालक सभेतील भाषण)



दुःखात सापडलेल्या माणसाशी कसे वागावे, हा माझा आजचा विषय आहे. विषय साधा वाटेल. पण मयताच्या घरी गेल्यावर आपल्यापैकी अनेकांना शब्द सुचत नाहीत. सुचतात ते ठरावीक : "धीर धरा", "मुलांकडे पाहा", "झाले ते विसरा". हेतू चांगलाच असतो. परंतु या शब्दांनी खरोखर आधार मिळतो काय?

१९८६ साली लेहमन, एलार्ड आणि वॉर्टमन या संशोधकांनी, वाहन-अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या लोकांना हाच प्रश्न विचारला. उपदेशाचा आणि लवकर सावरण्याच्या आग्रहाचा उपयोग झाला नाही, असे अनेकांनी सांगितले. असाच प्रसंग सोसलेल्या माणसाची भेट आणि मन मोकळे करण्याची संधी यांचा मात्र आधार वाटला. विशेष म्हणजे, ज्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता, त्यांनाही काय बोलावे हे बरेचसे ठाऊक होते. म्हणजे उणीव ज्ञानाची नाही. दुःखी माणूस समोर आला की आपण गांगरतो, आणि आपली घालमेल थांबावी म्हणून त्याला गप्प करतो.

मन मोकळे करणे म्हणजे केवळ रडणे नव्हे. रॉबर्ट वाइस यांनी विभक्त झालेल्या पतिपत्नींचा अभ्यास करून १९७५ साली पुस्तक लिहिले. प्रत्येक जण घडलेल्या गोष्टीची एक हकीकत मनाशी रचतो, असे त्यांना आढळले. सुरुवात कोठे झाली, चूक कोणाची, शेवट कसा आला, याची जुळणी झाली म्हणजे मनातील गोंधळाला आकार येतो. हीच कल्पना जॉन हार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर आघातांनाही लावली. हकीकत रचण्याइतकेच ती विश्वासाच्या माणसाला सांगणे महत्त्वाचे आहे, असा त्यांचा आग्रह होता.

१९८६ सालीच पेनेबेकर आणि बील यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील आघाताविषयी लिहावयाचे होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लगेच अधिक अस्वस्थ वाटले. पण पुढील काही महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. नंतरच्या पुष्कळ प्रयोगांवरून पाहता हा परिणाम सरासरीने लहानच आहे. तो रामबाण उपाय नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

डेव्हिस, नोलेन-होक्सिमा आणि लार्सन यांचा १९९८ चा अभ्यासही उद्बोधक आहे. आप्ताच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या काळात, ज्यांना त्या मृत्यूचा काही अर्थ लागला, त्यांचा ताण कमी होता. कोणाला तो श्रद्धेतून लागला, कोणाला दीर्घ आजाराचा स्वाभाविक शेवट म्हणून. पुढे मात्र या अनुभवातून आपल्याला काय मिळाले, याचे उत्तर अधिक उपयोगी ठरले. माझ्या मते हा अर्थ ज्याचा त्यालाच शोधावा लागतो. दुसऱ्याने हातावर ठेवून तो लाभत नाही.

बंधुभगिनींनो, याचा आपल्या शाळेशी संबंध काय? वडील वारलेला मुलगा आठ-दहा दिवसांनी वर्गात येतो. आपण त्याला बुडालेला अभ्यास देतो आणि त्या विषयाला हात लावीत नाही. कधी त्याच आठवड्यात फळ्यावर निबंधाचा विषय पडतो, 'माझे वडील'. तो मुलगा काय लिहील, याचा विचार कोणी करीत नाही.

अशा मुलाला मधल्या सुट्टीत जवळ बसवावे. "वडिलांविषयी काही सांगावेसे वाटते का?" एवढेच विचारावे. तो बोलला तर मध्ये न बोलता ऐकावे. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी ऐकावे, कारण तो ती जुळवीत असतो. तो गप्प राहिला तर त्या गप्प राहण्याचाही मान ठेवावा. जबरदस्तीने बोलते करू नये. निबंधाला त्याच्यासाठी दुसरा विषय ठेवावा आणि निवड त्याची त्याच्यावर सोडावी. घरीही आईने डोळे पुसून वडिलांचे नाव टाळू नये. मुलाला ते नाव ऐकावयाचे असते.

यासाठी वेगळा निधी लागत नाही, ठरावही लागत नाही. लागतो थोडा वेळ आणि आपली जीभ आवरण्याची तयारी. प्रत्येक वर्गातील अशा एका तरी मुलासाठी एक ऐकणारा शिक्षक या शाळेत असावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.