आपली गाडी, आपला हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण लोणची, विणकाम, बाळाचे संगोपन अशा विषयांवर ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला मोटारीवर बोलावयास सांगितले, तेव्हा दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या, हे मी पाहिले आहे. हसू द्या. आमच्या अंगणातली ती लाल, बिनटपाची, दोनच माणसांची गाडी पाहून सारे कारंजे पूर्वीच हसून झाले आहे. "बाई, यात घरची माणसं बसवायची कुठं?" असे मला भाजीबाजारात विचारीत.

ती गाडी माझ्या मुलाची. विसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्स नावाच्या कंपनीने 'सॅन स्टॉर्म' ही छोटी स्पोर्ट्‌स मोटार बांधली. अंग फायबरग्लासचे, छत कापडी, इंजिन रेनो कंपनीचे १.२ लिटरचे. आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, साधारण त्याच सुमारास ही गाडी जन्माला आली. मुलाने २०१४ साली ती जुनी म्हणून विकत आणली आणि वर्षभरात नोकरीसाठी पुण्यास निघून गेला. गाडी राहिली, मी राहिले. नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. विज्ञान शिकविण्यात आयुष्य गेलेले, तेव्हा म्हटले, पाहू या.

पहिल्यांदा ती गावातल्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने बोनेट उघडले, डोके खाजविले आणि म्हणाला, "बाई, हिचे पार्ट मिळत नाहीत. विकून टाका." गाडी बांधणेच बंद झाले, तर भाग आणायचे कोठून, हा त्याचा प्रश्न खराच होता. परंतु त्यातून मी एक गोष्ट शिकले. ज्या वस्तूचा भाग सहज मिळत नाही, ती वस्तू मोडूच नये म्हणून जपावी लागते. आणि जपणे हे काम मिस्त्रीचे नव्हे, घरच्या माणसाचे आहे. हे तुमच्या स्कूटीला, मारुतीला, शिवणयंत्रालासुद्धा तितकेच लागू आहे.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. ज्यांच्या बाबतीत ती घडली त्या काकू समोरच बसल्या आहेत. त्यांची परवानगी मी घेतली आहे.

२०१६ सालचा भाद्रपद. रात्री साडेदहाला काकूंच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब अकोल्यास न्या. रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्याला घेऊन गेलेली. गल्लीत त्या वेळी उभी असलेली मोटार एकच, ती माझी. काकूंना शेजारी बसविले. त्यांचा मुलगा मोटारसायकलवर मागून निघाला. मूर्तिजापूरच्या अलीकडे उष्णतेचा काटा चढू लागला आणि बोनेटखालून वाफ निघाली. गाडी थांबविली. दोन्ही बाजूंना सोयाबीनची शेते, काळोख, आणि काकू माझा हात घट्ट धरून बसलेल्या. दहा मिनिटांनी एक जीप आली. त्या भल्या माणसाने काकूंना उचलून नेले. वेळेवर पोचल्या, म्हणून आज त्या इथे आहेत.

मी मात्र रस्त्याच्या कडेला एकटी बसून राहिले, आणि मला एकच गोष्ट आठवत होती. आठ दिवसांपूर्वी गाडीखाली हिरवट पाण्याचा डाग दिसला होता. मी तो फडक्याने पुसला आणि म्हटले, पुढच्या रविवारी बघू. त्या रात्री गाडीने दगा दिला नाही, भगिनींनो, दगा मी दिला.

तासाभराने इंजिन निवाले. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर रेडिएटरचा रबरी होजपाइप टोकाशी चिरला होता. पाइप थोडा सैल होता म्हणून बरे. चिरलेले टोक सुरीने कापले, उरलेला पाइप पुन्हा चढविला, क्लिप आवळली, पिण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि हळूहळू घरी आले. दहा मिनिटांचे काम! तेच रविवारी केले असते तर?

म्हणून तेव्हापासून मी जे करते ते आज सांगते. वहीत टिपून घ्या.

पहिले, पाणी. रेडिएटर म्हणजे आपला प्रेशर कुकरच समजा. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि सगळे पाणी एकदम उसळून अंगावर येते. शिटी न काढता कुकर आपण उघडतो का? मग गरम इंजिनाचे झाकणही उघडू नये. पाणी पाहावयाचे ते सकाळी, इंजिन थंड असताना. बोअरच्या पाण्याने हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. म्हणून त्यात कंपनीने सांगितलेले कूलंट घालावे. अडचणीत साधे पाणी चालते, पण नंतर ते बदलून घ्यावे. होजपाइप महिन्यातून एकदा हाताने दाबून पाहावेत. पिकल्या केळासारखे मऊ लागले किंवा भेगा दिसल्या, तर बदलावेत.

दुसरे, तेल. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. कमी वाईट, तसेच जास्तही वाईट. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळते आहे. गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.

तिसरे, बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशाने ती घासावी, कोरडी करावी आणि वर व्हॅसलीन चोळावे. तार सोडताना आधी उणे बाजूची, जोडताना ती शेवटी. कारण गाडीचे सारे लोखंड बहुधा उणे टोकाला जोडलेले असते. अधिक बाजू सोडताना पाना चुकून लोखंडाला लागला तर मोठी ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. जवळ उदबत्तीसुद्धा नको. हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवाव्यात.

चौथे, टायर. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. किती भरावी ते बहुधा दाराच्या कडेला चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. टायर नवे दिसले तरी रबर उन्हाने म्हातारे होते, आणि आपल्याकडचे वैशाखातले ऊन मी तुम्हांला काय सांगावे! टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेला. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि आपल्या कारंज्यावरूनच जातो. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. त्या वेगात जुना किंवा कमी हवेचा टायर तापून फुटला, तर सावरावयास वेळ मिळत नाही.

पाचवे, धूळ आणि उंदीर. सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत भुसा उडतो आणि एअर फिल्टर कोंदतो. दिवाळीपूर्वी तो काढून झटकावा, फार मळला असेल तर नवा घालावा. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की उंदीर बोनेटखाली घर करतात आणि तारा कुरतडतात. म्हणून उभी गाडी अधूनमधून फिरवून आणावी. नुसती जागेवर घरघरवून बंद करू नये.

माझ्यासारखी उघडी गाडी कोणाकडे असेल, तर आणखी थोडे. फायबरग्लासला गंज चढत नाही, पण खालच्या लोखंडी सांगाड्याला चढतो. पावसाळा संपला की खाली वाकून पाहावे. कापडी छत ओले असताना घडी घालू नये, बुरशी येते. ते सौम्य साबणाने धुवावे. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर कोरड्या फडक्याने पुसू नये, ओरखडे पडतात.

आता काय करू नये तेही सांगते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकला तर माणूस जातो. ब्रेकची कामे जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत. आपण फक्त लक्ष ठेवावे. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलले की नाही, हे विचारावे. आपले अज्ञान मान्य करणे हीही दुरुस्तीच आहे.

आणि एक वही ठेवावी. दुधाचा हिशेब ठेवतो तशी. तारीख, किलोमीटर, काय केले, काय दिसले. जुना भाग टाकण्याआधी त्याच्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा. माझ्या गाडीचे भाग "मिळत नव्हते", ते क्रमांक हाती आल्यावर पुष्कळ मिळाले. इंजिन रेनोचे असल्याने त्या बाजूने शोधता आले. तोच मिस्त्री आता माझ्याकडे ती वही मागतो.

कोणी म्हणेल, हे बायकांचे काम नव्हे. त्यांना बर्था बेंझबाईंची गोष्ट सांगा. ऑगस्ट १८८८ मध्ये ही जर्मन बाई नवऱ्याने बनविलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. वाट सुमारे शंभर किलोमीटरची. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तार उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतले. मोटारीचा लांबचा पहिला प्रवास एका बाईने केला आणि वाटेतली पहिली दुरुस्तीही तिनेच केली. आपण तिच्या मानाने सुखी आहोत. आपल्याला पेट्रोल पंप तरी आहेत.

भगिनींनो, मी मोठी कारागीर नाही. पण आता दर रविवारी सकाळी, चहा झाला की मी अंगणात जाते, आधी गाडीखाली पाहते, मग बोनेट उघडते. काकू आपल्या ओसरीवरून रोज एकच प्रश्न विचारतात, "बाई, डाग आहे का गं?" मी "नाही" म्हणते, तेव्हाच त्या आत जातात.

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या अंगणात या. आपापली स्कूटी घेऊन या, एक जुने फडके आणि एक वही आणा. चहा माझ्याकडे.