चित्रातले घर

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले खासबाग मैदान आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. शाहू महाराजांनी ते बांधवून घेतले. तिथे कुस्ती मारायची म्हणून खेडोपाडीची पोरं दहा-बारा वर्षांची असतानाच घर सोडून शहरातल्या तालमींत राहायला येतात. दिवस जोर-बैठकांत जातो. पण रात्री आईची आठवण आली तर सांगायची कुणाला? पैलवानाने रडायचे नसते म्हणे!

घराच्या या ओढीवर 'हायडी' नावाची एक जुनी गोष्ट आहे. योहाना स्पिरी या स्विस लेखिकेने ती १८८०-८१ साली लिहिली. डोंगरावर आजोबांजवळ वाढलेली ही पोर. मावशी तिला फ्रँकफुर्ट शहरात, एका श्रीमंताच्या आजारी मुलीला सोबत म्हणून नेऊन ठेवते. खायला-प्यायला उणे नाही. पण खिडकीतून पाहावे तर नुसत्या भिंती. घरी जायचे म्हणावे तर कृतघ्न ठरू, म्हणून ती गप्प. मास्तर शिकवायला येतात, पण एक अक्षर डोक्यात शिरत नाही.

पुढे त्या घरची आजी येते आणि चित्रांचे मोठे पुस्तक उघडते. पाने उलटता उलटता हायडीला एकदम रडू फुटते. चित्रात असते काय? हिरवे कुरण, चरणारी जनावरे, काठीवर रेलून उभा मेंढपाळ. आपल्याकडचा एखादा धनगरच म्हणा ना! आजी रागावत नाही. या चित्राची गोष्ट आहे, वाचायला शिकलीस की पुस्तक तुझे, एवढेच सांगते. आणि थोड्याच दिवसांत पोरगी घडाघडा वाचू लागते.

पुस्तकाने तिची ओढ गेली असे मात्र समजू नका. ती वाढलीच. रात्री झोपेत उठून चालू लागली, तेव्हा डॉक्टरांनी निक्षून सांगितले, हिला घरी पाठवा. पण गेली ती वाचणारी होऊन, पुस्तक बरोबर घेऊन.

शिक्षक-शिक्षिकांनो, अशी हायडी तुमच्याही वर्गात असेल. दिवाळीच्या आगेमागे बीडकडची ऊसतोडणीची कुटुंबे आपल्या कारखान्यांच्या भागात येतात, कोप्यांत राहतात. त्यांचे एखादे मूल शाळेत आलेच, तर कोपऱ्यात मुके बसते. लगेच मठ्ठ म्हणू नका. कोरे कागद द्या, गावाकडचे घर काढायला सांगा. बाभळ निघेल, शेळी निघेल, मागे राहिलेली आजी निघेल. मूल सांगेल ते त्याच्याच बोलीत चित्राखाली लिहा. शुद्ध-अशुद्ध नंतर पाहता येईल. चार पाने झाली की जुन्या वहीचा पुठ्ठा लावून दोऱ्याने शिवा. दुसऱ्या दिवशी तेच पान पुढे ठेवा. शब्द आपलेच, त्यामुळे बोट ठेवून वाचायला त्याला भीती वाटत नाही.

कारखान्याचा पट्टा पडला की बिऱ्हाड गाडीवर चढते, कधी रातोरात. म्हणून ते पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवून घेऊ नका. पोराच्या पिशवीतच असू द्या. पहिल्या पानावर त्याचे नाव आणि त्याला कुठवर वाचता येते ते लिहा. जूनमध्ये गावच्या शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना ते पाहता येईल.