पैसा पत्ता बदलतो, पगार बदलू शकत नाही



परदेशी खाती म्हटलं की आपल्याला काळा पैसा आठवतो. मी आज सांगणार आहे त्या गोष्टीत काळा पैसा नाही. जे घडलं ते उघडपणे घडलं, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्यात बसतं असं म्हटलं. म्हणूनच ते समजून घ्यायला हवं.

'हच'च्या जाहिरातीतला छोटा कुत्रा अनेकांना आठवत असेल. २००७ साली व्होडाफोनने हा धंदा सुमारे १,१०० कोटी डॉलरना घेतला. ग्राहक इथले, टॉवर इथले, परवाने भारत सरकारचे. पण कागदावर विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. तिच्या हाताखाली कंपन्यांची साखळी होती आणि त्या साखळीच्या टोकाला हचमधला सुमारे ६७ टक्के हिस्सा. केमनमध्ये आयकर नाही, भांडवली नफ्यावरही कर नाही.

आयकर खातं म्हणालं, नफा भारतातल्या धंद्यावर झाला, तेव्हा पैसे देताना व्होडाफोनने टीडीएस कापायला हवा होता. मागणी ११,००० कोटी रुपयांहून जास्त होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: विक्री परदेशात झाली, त्या वेळच्या कायद्यानुसार भारताला कर मागता येत नाही.

मग सरकारने मागच्या तारखेपासून कायदाच बदलला. हेही बरोबर नव्हतं. खेळ संपल्यावर नियम बदलले तर कोण विश्वास ठेवील? २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात भारत हरला आणि २०२१ मध्ये ती मागची वसुली सोडून द्यावी लागली. २०१२ नंतरच्या अशा विक्रीवर मात्र आता कर लागतो. पळवाट बुजली, पण ते पैसे गेले ते गेलेच.

आता आपल्याकडे पाहू. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा टीडीएस पगार हातात येण्याआधीच कापला जातो. घरकाम करणारी बाई मोबाइल रिचार्ज करते, तेव्हा १८ टक्के जीएसटी भरते. तिचं उत्पन्न किती, हे कुणी विचारत नाही. तिला केमनचा पत्ता देता येत नाही.

नुकसान इथे आहे. सरकारला शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी पैसा लागतोच. जो पैसा जागा बदलू शकतो त्याच्यावरचा कर सुटला, की भार जागेवरच राहणाऱ्यांवर येतो: पगारावर आणि रोजच्या खरेदीवर. शिवाय इथेच नोंदलेला छोटा उद्योजक पूर्ण कर भरून अशा कंपन्यांशी स्पर्धा करतो. ही स्पर्धा हुशारीची उरत नाही, सल्लागार कुणाला परवडतो याची होते.

२०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी बड्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा हे तत्त्वतः मान्य केलं. ते पुरेसं नाही. साखळीच्या टोकाला खरा मालक कोण, हे सामान्य माणसालाही पाहता आलं पाहिजे. मतं मागायला येणाऱ्यांना आपण रस्त्याबद्दल विचारतो, पाण्याबद्दल विचारतो. यापुढे हेही विचारू या: आमचा कर तुम्ही जागेवर कापता, त्यांचा कधी कापणार?