संग्रहात नवा सैनिक येतो तेव्हा



दिवाळी जवळ आली की अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो आणि बाजारातून नवे मावळे घरी येतात. गतवर्षीची चित्रे टोपलीतून निघतात, हात मोडलेली बाजूला पडतात आणि चार-सहांची नवी भर पडते. महाराष्ट्रातील असंख्य मुलांचा सैन्यसंग्रह असाच सुरू झालेला आहे. मोठेपणी काहींच्या हाती प्लास्टिकच्या सुट्या भागांचे खोके येते. ब्रिटनची एअरफिक्स, जपानची टामिया अशा कंपन्यांचे रणगाडे, विमाने आणि सैनिक जोडावयाचे, रंगवावयाचे व कपाटात मांडावयाचे, हा छंद जगभर रुजला आहे. अंगणातील मावळा आणि कपाटातील रणगाडा ही एकाच छंदाची दोन रूपे होत. दोहोंपुढे प्रश्नही एकच असतो : संग्रहात नवी भर घालावयाची ती कोणत्या विचाराने?

पहिला विचार प्रमाणाचा. खोक्यावर १:७२ किंवा १:३५ असे लिहिलेले असते. पावणेसहा फुटांच्या आतबाहेरचा माणूस १:७२ प्रमाणात जेमतेम २४ मिलिमीटरचा होतो, तर १:३५ मध्ये सुमारे ४९ मिलिमीटरचा. दोन्ही शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याचे तान्हे मूल वाटेल. दिवाळीच्या किल्ल्यावर हीच गफलत होते. महादरवाजापेक्षा पहारेकरी उंच आणि बुरुजापेक्षा तोफ मोठी! रायगड समुद्रसपाटीपासून ८२० मीटर उंच आहे. १:७२ प्रमाणाने तो उभारावयाचा तर अंगणात ११ मीटरहून उंच डोंगर रचावा लागेल. म्हणून जाणता संग्राहक संपूर्ण गड करावयास जात नाही. तो एक बुरूज, एक दरवाजा किंवा एक चौकी निवडतो आणि तेवढीच चोख करतो. परभणीच्या काळ्या मातीचा बुरूज वाळताना भेगाळतो. तीत थोडी वाळू आणि भुसा मिसळला की तो बरा टिकतो. ही युक्ती मुलांच्या हाताला करूनच कळते.

दुसरा विचार सैन्याच्या रचनेचा. दुकानात तलवार उगारलेला मावळा मिळतो, म्हणून संग्रहात तलवारी वाढत जातात. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली बखर याविषयी फार उपयोगी आहे. शिवछत्रपतींच्या घोडदळात २५ स्वारांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या स्वारांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. घोड्यांना पाणी पाजणारा आणि घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा ही दोन माणसे नसती तर कितीही शूर पथक चार मजलांत थांबले असते. ज्याच्याकडे २५ स्वार आहेत, त्याने सव्विसावा स्वार आणण्याआधी पखालजी करावा. तो बाजारात मिळत नसेल तर शाडूच्या मातीचा घडवावा. त्या एका चित्रामुळे पाहणाऱ्यास सैन्य म्हणजे काय ते उमगते.

तिसरा विचार सर्वांत महत्त्वाचा, तो आपल्या मुलखाचा. परभणीच्या मुलाने रणगाड्याचे खोके आणले, तर त्या रणगाड्याचा परभणीशी संबंध काय? वरवर पाहता काहीच नाही. परंतु हिंगोली हे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते आणि तेथे एके काळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. खर्च निजामाचा आणि अधिकारी इंग्रज, असे तिचे स्वरूप होते. १८५७ च्या संग्रामात या फौजेच्या तुकड्या ह्यू रोज याच्या सैन्यात होत्या, म्हणजे झाशीच्या राणीच्या आणि तात्या टोपे यांच्या विरुद्ध बाजूस. हे कटू आहे, पण सत्य आहे. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या घोडदळाचा वारसा डेक्कन हॉर्स या पलटणीकडे आला. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सॉमच्या रणभूमीवर हाय वुडजवळ याच पलटणीचे स्वार भाले घेऊन दौडले. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय सेनेची झाली आणि सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे तिचे जुने शर्मन रणगाडे पाकिस्तानच्या नव्या पॅटन रणगाड्यांपुढे उभे राहिले. तेथे पॅटनची जी दाणादाण उडाली ती सर्वश्रुत आहे.

शर्मन रणगाड्याचे खोके या छंदात सहज आढळते. १:३५ प्रमाणात तो सुमारे १७ सेंटिमीटरचा होतो. बहुधा खोक्यावर अमेरिकेचा पांढरा तारा असतो. तो तसाच चिकटवला तर तो अमेरिकेचा रणगाडा. तारा बाजूला ठेवून, छायाचित्रे अभ्यासून डेक्कन हॉर्सची खूण रंगवली तर तो असल उत्तरचा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय सैन्यातही शर्मन होते. ती मोहीम यशस्वी झाली आणि मराठवाडा मुक्त झाला. तेव्हा तोच नमुना परभणीच्या आजोबांच्या आठवणींतलाही ठरू शकतो. प्लास्टिक तेच राहते. तो कोणाचा रणगाडा हे रंगवणाऱ्याचा अभ्यास ठरवतो.

अभ्यासासाठी ठिकाणेही दूर नाहीत. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ मध्ये स्थापन झाले, खरे रणगाडे उभे आहेत. सेंच्युरियन, विजयंत आणि युद्धात हस्तगत केलेला पॅटनही आहे. चिलखताचा खडबडीतपणा, गंजाचा रंग, साखळीच्या कड्यांची ठेवण ही तेथे डोळ्यांनी पाहता येते. पालकांनी मुलास नवे खोके घेऊन देण्याआधी एकदा ती वाट दाखवावी.

शेवटी एक साधी सूचना. प्रत्येक नव्या चित्राखाली एक चिठ्ठी असावी : हा कोण, कोणत्या पथकाचा, कोठे व केव्हा लढला, कोणत्या बाजूने लढला. चिठ्ठी लिहिता येईल तेव्हाच ते चित्र कपाटात जावे. असे वर्षाला दोनच सैनिक वाढले तरी चालेल. दहा वर्षांनी त्या वीस चिठ्ठ्या वाचणाऱ्या मुलाला आपल्या जिल्ह्याचा, गौरवाचा आणि वेदनेचाही, इतिहास मुखोद्गत झालेला असेल.