अब्बांचा बेंजो आणि ‘हल्लीचं संगीत’
(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला ‘आजच्या संगीताचा ऱ्हास’. मी फोनवर म्हटलं, विषय थोडा बदलता येईल का बघा. तर म्हणाले, “सर, पत्रिका छापून झाली.” म्हणून ऱ्हासावर बोलायला उभा राहिलोय; पण आधीच सांगून टाकतो, संगीताचा ऱ्हास झालाय असं मला वाटत नाही. ऱ्हास झाल्याची तक्रार मात्र आमच्या घरात तीन पिढ्या चाललीय.

माझे अब्बा कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे. तुमच्यातल्या अनेकांनी बेंजो पाहिला नसेल. लाकडी पेटीवर तारा, आणि त्या तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. त्यालाच बुलबुल तरंग असंही म्हणतात. मिरज, सांगली, कोल्हापूरकडचे उरूस, लग्नं, रात्री दहाला सुरू होऊन फजरच्या अजानपर्यंत चालणारे मुकाबले. यावर आमचं घर चाललं. आज उरुसाच्या मिरवणुकीत डीजे लागला की अब्बा खिडकी लावून घेतात. म्हणतात, “ये गाना नहीं, हथौड़ा है.”

आता गंमत ऐका. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, मिरजेत तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे घासायचे, जवारी काढायचे. मुलगा बेंजो शिकतोय हे कळलं तेव्हा त्यांनी आठवडाभर अबोला धरला. तारेवर टाइपरायटर बसवणारा माणूस त्यांच्या लेखी वाजवणारा नव्हताच, कारकून होता! अब्बा आज डीजेला जे म्हणतात, तेच दादा अब्बांना म्हणाले होते.

आणि दादांच्या आवडीचं संगीत तरी आधीच्यांना कुठे चालत होतं? ग्रामोफोन आला, 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांनी गाणी रेकॉर्ड केली. रात्रभर फुलणारा राग तीन मिनिटांत बसवायचा, शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायचं. किती तरी उस्तादांना हा संगीताचा अंत वाटला. आज त्याच तबकड्यांची खरखर आपण डोळे मिटून ऐकतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले, मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो याच तीन मिनिटांच्या तबकड्यांतून.

हार्मोनियमचं तर विचारूच नका. श्रुती बिघडवणारं परदेशी वाद्य म्हणून 1940 साली आकाशवाणीनं त्यावर बंदी घातली. ती उठायला 1971 उजाडलं. आज हार्मोनियमशिवाय कव्वालीची कल्पना करून बघा.

थोडं थांबायचं ते 1952 वर. बाळकृष्ण केसकर, मराठीच माणूस, केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटत, आणि त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी 3 डिसेंबरला अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी 1957 मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. ही गोष्ट हसून सांगितली जाते. पण त्याला आणखी एक बाजू होती, ती या व्यासपीठावर सांगितली पाहिजे. संगीत मुसलमान गवयांच्या हातात गेलं आणि त्याचा आध्यात्मिक गाभा हरवला, अशी केसकरांची मांडणी होती. म्हणजे एकीकडून ऐकायचं, तुम्ही आमचं संगीत बिघडवलंत. आणि घरी आलो की मोहल्ल्यातले काही बुजुर्ग सांगणार, संगीत आपलं नव्हेच, ते हराम. अब्बांनी दोन्ही ऐकलं, आणि संध्याकाळी बेंजोच्या तारा पुसून कार्यक्रमाला निघाले. हरामचा मुद्दा मी आज वाढवत नाही. इतकंच सांगतो, मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते, तिथे लिहिलेली त्यांची पत्रं ‘गुबार-ए-खातिर’मध्ये आहेत, आणि त्यातलं एक लांबलचक पत्र संगीतावर आहे. मौलाना तरुणपणी सतार शिकले होते. वाचा ते पत्र.

तर मुद्दा असा, की नवं यंत्र येतं, जुने लोक म्हणतात संगीत संपलं, वीस-तीस वर्षांनी तेच नवं ‘सोनेरी जुनं’ होतं, आणि ते ऐकत वाढलेले लोक पुढच्या यंत्राला शिव्या देतात. ‘काँटा लगा’चं रीमिक्स 2002 मध्ये आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! मूळ गाणं 1972 चं. परवा माझा भाचा मला सांगत होता, “मामू, वो रीमिक्स का जमाना अच्छा था.” मी काय बोलणार?

पण या चक्रात एक गोष्ट मला कधीच ऐकू आली नाही. आपण गाण्याच्या दर्जावर भांडतो. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला काय मिळालं, यावर भांडत नाही.

कॅसेटचं युग घ्या. कॅसेट आली आणि गाणं रेकॉर्ड करणं स्वस्त झालं. ते चांगलंच झालं. भजन, कव्वाली, लावणी, भीमगीतं, ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या बघत नव्हत्या त्या सगळ्यांना दार उघडलं. 1986 साली अब्बांच्या पार्टीलाही एका कॅसेट कंपनीनं बोलावलं. कंपनीचं नाव मी घेणार नाही. एका दिवसात आठ कव्वाल्या झाल्या. अब्बांना दीडशे रुपये, जेवण आणि एसटीचं भाडं मिळालं. कागद कसलाच नाही. कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर मुख्य कव्वालाचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, ‘व साथी’. अब्बा, ढोलकवाले, टाळ्या देणारे दोघे, सगळे मिळून ‘व साथी’.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या वरातीत डीजेवर एक तुकडा वाजला. खाली धडधडणारा ठेका आणि वर बेंजो. मी जागेवर थांबलो. ती मुरकी मी लहानपणी दारामागून शेकडो वेळा ऐकलेली. डीजेच्या पोराला विचारलं, हे कुठलं? त्यानं मोबाइल दाखवला. गाण्यावर त्याच्याच एका मित्राचं नाव होतं. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, कुठून तरी कॅसेटमधून उचललंय काका, कुणाचं आहे कुणाला माहीत.

घरी येऊन मी अब्बांना ऐकवलं. मला वाटलं चिडतील. ते हसायला लागले. “अरे, ये तो मैं हूँ!” तीन वेळा ऐकलं. ज्याला हातोडा म्हणतात त्याच्यासकट ऐकलं. मी हक्काचं बोलायला लागलो तर हात वर केला. “पैसा ले लिया था ना. बजाने दे.”

लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात 1960 च्या दशकात हाच वाद झाला होता. लताबाईंचं म्हणणं, गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, मानधन घेतलं, गाणं दिलं, हिशेब संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. मी रफीसाहेबांचा भक्त आहे, आमच्या घरात दुसरा पर्यायच नव्हता. पण या भांडणात मी लताबाईंच्या बाजूनं आहे. रफीसाहेबांचं म्हणणं दिलदारीचं होतं, आणि ज्याला रोज गाणी मिळतात त्याला ती दिलदारी परवडते. ‘व साथी’ला नाही परवडत.

1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सिनेमाच्या गाण्यांच्या हक्काचा खटला आला. निकाल निर्मात्यांच्या बाजूनं गेला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी आपल्या वेगळ्या टिपणात गायकाला आपला कायदा काहीच देत नाही, याकडे लक्ष वेधलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क कायद्यात यायला त्यानंतरही 1994 उजाडलं. 2012 च्या दुरुस्तीनं रॉयल्टीचा हक्क आणखी पक्का केला. पण त्याच दुरुस्तीत एक कलम आहे, ते मी मुलांना नेहमी सांगतो. सिनेमात ज्याचं काम किरकोळ धरलं जातं आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो जवळपास सगळ्या हक्कांपुरता कलाकारच धरला जात नाही. म्हणजे पडद्यावर नाव येणं ही नुसती मानाची बाब राहिलेली नाही.

आता नवं यंत्र आलंय. 2024 मध्ये ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं पुन्हा उभे केले, शाहुल हमीद आणि बंबा बाक्या यांचे. कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला, असं रहमान यांनी जाहीर केलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणाऱ्यांना रोखलं. शाहुल हमीद यांचं नाव माहीत होतं म्हणून घर शोधता आलं. अरिजित सिंग कोर्टात जाऊ शकतात. ज्याचा आवाज आहे पण नाव कुठेच लिहिलेलं नाही, त्याच्या घरचा दरवाजा कोण ठोठावणार?

म्हणून मी ऱ्हासावर जास्त बोललो नाही. मोबाइलवर तुम्ही जे ऐकता ते ऐका. पुढे तुम्हीही खिडक्या लावून घेणारच आहात. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात, नानीच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरशेजारी जुन्या कव्वालीच्या कॅसेट असतील. त्या टाकू नका. त्यात कोण वाजवतंय हे ओळखणारं माणूस अजून हयात असेल तर त्याला ऐकवा, आणि नाव, गाव, वाद्य, अंदाजे साल वहीत लिहा. आम्ही मिरजेत ही वही सुरू केलीय. अब्बांच्या कॅसेटचं पान पहिलं आहे. टाळ्या देणाऱ्या दोघांची नावं अब्बांना आठवली. ढोलकवाले इचलकरंजीकडचे होते, सगळे त्यांना नुसतं ‘मास्टर’ म्हणायचे. त्यांच्या नावाची जागा अजून रिकामी आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा, मोबाइलमध्ये तो तुकडा आहे, ऐकवतो.